शहराच्या खालचं पाणी

नागपूर शहर ज्या पाण्यावर जगतं ते दोन ठिकाणांहून येतं, पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून. पेंच ही कन्हानचीच उपनदी, म्हणजे खातं एकाच नदीचं. हे पाणी शहर पितं, त्यात कपडे धुतं, भांडी घासतं, संडासात ओततं, आणि मग ते नाल्यानाल्यांनी नाग आणि पिवळी या नद्यांत उतरतं. पिवळी नागला मिळते आणि नाग पूर्वेकडे वाहत जाऊन कुही तालुक्यात सावंगीजवळ कन्हानला मिळते. वरच्या अंगाला नदीतून उचललेलं पाणी असं खालच्या अंगाला त्याच नदीला परत मिळतं. मधल्या मुक्कामात त्यात काय काय मिसळलं, हे कुहीला कळतं. नागपूरला ते कळायचं काही कारण पडत नाही.

कुही हा नागपूर जिल्ह्याचा पूर्वेकडचा तालुका. धानाच्या बांध्या, धुऱ्यावर तूर, काळ्या रानात कापूस-सोयाबीन, आणि मांढळच्या बाजूला मिरची. एका कडेला वैनगंगा-कन्हानचं खोरं, दुसऱ्या कडेला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याचं जंगल. वर्तमानपत्रात कुहीचं नाव येतं ते दोनच कारणांनी: वाघ दिसला तर, नाहीतर गोसीखुर्द धरणाच्या प्रकल्पग्रस्तांनी रस्ता अडवला तर. या दोन बातम्यांचा एकमेकींशी संबंध आहे असं कुणी लिहीत नाही. पण संबंध आहे, आणि तो नाल्याच्या पाण्यापासूनच मांडत जावा लागतो.

अंभोऱ्यापासून सुरुवात करू. वैनगंगा, कन्हान, आम आणि आणखी दोन लहान नद्यांचा इथे संगम आहे असं परंपरा मानते. टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ आहे. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ इथेच लिहिला असं या भागात ठामपणे सांगितलं जातं. आंबेजोगाईकर ते मानत नाहीत, आणि तो वाद मी इथे उकरून काढत नाही. आता अंभोऱ्याला माणसं येतात ती मुख्यतः नव्या केबल पुलासाठी. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांना जोडणाऱ्या या पुलाच्या खांबावर उंच प्रेक्षक-सज्जा बांधलेला आहे. वरून चारी बाजूंना पाणीच पाणी दिसतं आणि लोक त्याचे फोटो काढतात. ते पाणी नदीचं नाही, धरणाचं आहे.

वैनगंगेवर पवनी तालुक्यात गोसीखुर्द इथे धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. तेव्हाचा अंदाजित खर्च ३७२ कोटी रुपये होता. पुढे तो किती पटींनी वाढला आणि त्या वाढीतून कोणाकोणाच्या चौकशा झाल्या, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. पूर्ण जलसंचय पातळी २४५.५० मीटर, साठवण क्षमता १,१४६ दशलक्ष घनमीटर, दरवाजे ३३. पावसाळ्यात हे सगळे दरवाजे उघडले की गडचिरोलीपर्यंत धास्ती पसरते. धरणाचा फुगवटा वैनगंगेतून भंडाऱ्याच्या दिशेला आणि कन्हान-आमच्या पात्रांतून कुही तालुक्यात शिरला. गावं उठली, शेतं बुडाली. पुनर्वसनासाठी २०१३ साली १,१९९.६० कोटींचं विशेष पॅकेज जाहीर झालं, तरी मोर्चे थांबलेले नाहीत.

माणसांचं विस्थापन निदान कागदावर मोजलं गेलं. पात्रातल्या जिवांचं कुणी मोजलं नाही.

वाहती नदी आणि साठलेलं पाणी यांत जिवाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. वैनगंगा ही रेतीची नदी. उन्हाळ्यात तिची धार बारीक व्हायची, पण खडकांवरून, रेतीतून जाताना पाण्यात हवा मिसळत राहायची. रेतीच्या कणांवर जिवाणूंचा पातळ थर असतो; तो वाहून आलेली घाण हळूहळू पचवतो. नदी स्वतःला स्वच्छ करते असं म्हणतात त्यामागे हे काम आहे. त्याला दोन गोष्टी लागतात, वाहणं आणि रेती. धरणाने पहिली थांबवली. दुसरी रेतीघाटांवरून ट्रकांत भरून गेली आणि आजही जाते आहे, रात्रीची जास्त.

नेमक्या याच दशकांत नागपूर वाढलं. आज शहरातून रोज पाचशे दशलक्ष लिटरहून अधिक सांडपाणी निघतं. भांडेवाडीला दोनशे दशलक्ष लिटर क्षमतेचा शुद्धीकरण प्रकल्प आहे आणि तिथलं शुद्ध झालेलं बरंचसं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला दिलं जातं. हे चांगलंच आहे, तेवढं पेंचचं पाणी वाचतं. पण त्याची दुसरी बाजू कुणी बोलत नाही: शुद्ध झालेलं पाणी विजेकडे वळलं की नदीच्या वाट्याला येतं ते मुख्यतः न शुद्ध झालेलं. वीज केंद्रांचा नदीशी संबंध एवढ्यावरच संपत नाही. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बांध फुटला, राख कोलार नदीतून कन्हानमध्ये उतरली आणि नागपूरच्या पाणीपुरवठ्यावर परिणाम झाला. शहराने तेव्हा आरडाओरडा केला आणि तो रास्तच होता. खालच्या गावांना नदीतून नको ते येण्याची सवय आहे.

नाग नदीच्या नावावरून नागपूरचं नाव पडलं असं शाळेत शिकवतात. देशाची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे नीरी, याच शहरात १९५८ पासून आहे. तरीही शहरातल्या पुलावरून जाताना माणूस खिडकीची काच वर करतो आणि त्या प्रवाहाला ‘नाला’ म्हणतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या प्रदूषित नद्यांचे ३५१ पट्टे जाहीर केले. त्यांतले ५३ एकट्या महाराष्ट्रात निघाले आणि त्यांत कन्हानचंही नाव होतं.

सांडपाणी म्हणजे घाण, एवढंच आपण समजतो. जिवांच्या जगात ते खत आहे. मैल्यात नत्र असतो, साबण-डिटर्जंटमध्ये स्फुरद असतो. शेतकरी हीच दोन द्रव्यं पिशवीतून विकत आणतो. वाहत्या नदीत ती पुढे निघून गेली असती. गोसीखुर्दच्या साठ्यात ती थांबतात, आणि थांबलेल्या, उबदार, खत घातलेल्या पाण्याचा पुरेपूर फायदा कोण घेईल, तर जलपर्णी.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली, अॅमेझॉनच्या खोऱ्यातली. जांभळ्या फुलांसाठी लोकांनी तिला जगभर नेलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये पोचली. तिच्या मायदेशी तिला खाणारे किडे आहेत, तिथे ती आटोक्यात राहते. इथे तिला खाणारं कुणी नाही. अनुकूल पाण्यात दोनेक आठवड्यांत ती दुप्पट होते; बी गाळात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहू शकतं. तिचा थर पसरला की खाली ऊन पोचत नाही, ऊन नाही म्हणून पाण्याखालच्या वनस्पती मरतात, त्या मेल्या की प्राणवायू देणारं कुणी उरत नाही. वरून थरही सडत राहतो आणि कुजण्याच्या क्रियेत उरलासुरला प्राणवायू संपतो. अंभोऱ्याच्या पुलावरून जो हिरवा गालिचा फोटोत सुंदर दिसतो, त्याच्या खाली हे चाललेलं असतं.

मासे यातून कसे जगतात? सगळे जगत नाहीत, आणि कोण जगतं हे त्यांच्या शरीरावर ठरतं. रोहू, कटला, मृगळ यांना पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो. तो लिटरमागे चार-पाच मिलिग्रॅमच्या खाली गेला की ते कासावीस होतात. मरळ आणि मागूर यांना कल्ल्यांखेरीज हवा घेण्याची वेगळी सोय आहे. पृष्ठभागावर येऊन ते सरळ हवेतून श्वास घेतात, म्हणून गढूळ डबक्यातही तग धरतात. बाहेरून आलेला तिलापियाही वाईट पाण्यात फोफावतो. पाणी बिघडतं तेव्हा मासे एकदम संपत नाहीत, आधी त्यांची जात बदलते. बाजारात मासळी दिसतच राहते, म्हणून गिऱ्हाइकाला काही बिघडल्यासारखं वाटत नाही. जाळं ओढणाऱ्या ढिवराला मात्र पहिल्याच हंगामात कळतं.

माशांवर अवलंबून असणारेही आहेत. नदीतले शिंपले घ्या. शिंपल्याची पिल्लं काही दिवस माशांच्या कल्ल्यांना चिकटून राहतात, तिथेच वाढतात, माशासोबत वरच्या पात्रात पोचतात आणि मग रेतीत पडतात. म्हणजे शिंपल्याला जन्म घ्यायला मासा लागतो आणि वस्तीला रेती. मोठा झालेला शिंपला दिवसभर पाणी गाळून स्वच्छ करतो. मासे हटले, रेती उपसली, की शिंपला जातो, आणि तो गेला की पाणी गाळणारा आणखी एक हात कमी होतो. ही साखळी कोणत्याही प्रकल्प अहवालात आढळत नाही, कारण शिंपल्याला नुकसानभरपाई द्यावी लागत नाही.

झिंग्याची गोष्ट याहून लांबची. गोदावरी खोऱ्यातला नदीचा मोठा झिंगा गोड्या पाण्यात वाढतो, पण त्याच्या अळ्यांना वाढीसाठी निमखारं पाणी लागतं. म्हणजे त्याच्या वंशाला समुद्राच्या तोंडापर्यंत जायचं आणि पिल्लांना पुन्हा नदीतून वर चढून यायचं. वैनगंगा पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीला मिळते. या वाटेवर आंध्रात धवळेश्वरमचा बंधारा एकोणिसाव्या शतकापासून आहे, अलीकडे तेलंगणच्या सीमेवर मेडिगड्डाचा बॅरेज झाला, आणि त्यांच्या वर गोसीखुर्द उभं आहे. बोटभर लांबीच्या पिल्लाने हे सगळे दरवाजे चढून विदर्भात यावं अशी अपेक्षा कुणी करू नये. म्हणून जलाशयात आता झिंगा हवा असेल तर त्याचं बीज बाहेरून आणून सोडावं लागतं.

धरणाआधी उन्हाळ्यात वैनगंगा-कन्हानच्या उघड्या रेतीत डांगरवाड्या लागायच्या. ढिवर, कहार कुटुंबं रेतीत खड्डे करून शेणखत घालायची आणि टरबूज, डांगर, काकडी पिकवायची. त्याच रेतीवर नदीसुरय पक्षी अंडी घालायचे, कासवं यायची. माणूस आणि पक्षी एकाच रेतीचे मोसमी भाडेकरू होते. तो सगळा पट्टा फुगवट्याखाली गेला. त्याच्या बदल्यात पाणी उतरल्यावर काठाची ओली जमीन उघडी पडते, तिच्यावर गाळपेर होते. धरणात गेलेल्या शेताच्या काठावर तोच शेतकरी आता गाळपेरीचा परवाना मागायला जातो. हिवाळ्यात उथळ पाण्यावर बदकं, चक्रवाक उतरतात, पक्षीमित्र दुर्बिणी घेऊन येतात. धरणाने काही जिवांना दिलंही, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्यांना दिलं ते पंखांनी आले आणि पंखांनी जाणार; ज्यांचं गेलं त्यांना दुसरीकडे जायची सोय नव्हती.

पाण्याची बाजू इथे थोडी थांबवतो, कारण या तालुक्यात लोक पाण्यापेक्षा वाघाबद्दल जास्त बोलतात.

उमरेड-कऱ्हांडला-पवनी अभयारण्य जेमतेम १८९ चौरस किलोमीटरचं. ताडोबा आणि नागझिरा यांच्या मधला हा दुवा. २०१३ साली नागझिऱ्यातून ‘जय’ नावाचा वाघ शेतं, महामार्ग आणि वैनगंगा ओलांडून इथे आला. ‘शोले’तल्या जोडीवरून त्याला आणि त्याच्या भावाला जय-वीरू अशी नावं पडली होती. जयने हे लहानसं जंगल देशभर गाजवलं. वाघाला वर्षाकाठी साधारण पन्नास मोठी जनावरं मारावी लागतात, आणि तेवढी मारूनही कळप टिकायचे तर एका वाघामागे पाचशेच्या आसपास जनावरं रानात असावी लागतात. १८९ चौरस किलोमीटरमध्ये हा हिशेब जुळवणं कठीण. म्हणून इथला वाघ जंगलाच्या हद्दीत मावत नाही, शेतात येतो, नदी ओलांडतो. जयच्या गळ्यात मार्च २०१६ मध्ये नवी रेडिओ कॉलर बसवली. एप्रिलमध्ये तिचा संकेत बंद झाला आणि जय पुन्हा दिसला नाही. त्याचा बछडा श्रीनिवास २०१७ साली नागभीड भागात विजेच्या तारेला चिकटून मेला.

ती तार वाघासाठी लावलेली नव्हती. रोही म्हणजे नीलगाई आणि रानडुकरं यांच्यासाठी होती. आणि रोही शेतात का येतात हे विचारलं की आपण पुन्हा पाण्यावर येतो. जंगलातला चारा उन्हाळ्यात वाळतो, पण सिंचनाचं पाणी पोचलेल्या रानात गहू-हरभरा हिरवा असतो. जनावर हिरव्याकडे येणार, त्याच्या मागे वाघ येणार. रात्रभर मचाणावर जागून कंटाळलेला शेतकरी तारेत करंट सोडतो. सौर कुंपणाचा झटका जीव घेत नाही, डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत त्याला अनुदानही आहे, पण ते वेळेवर आणि सगळ्यांना मिळत नाही. पाण्याचा आणखी एक सापळा आहे: गोसीखुर्दचा उजवा कालवा पवनीच्या जंगलातून जातो. त्याच्या गुळगुळीत उतारावरून हरणं, रानडुकरं घसरून पडतात आणि वर येऊ शकत नाहीत.

तार नसेल तिथे विष आहे. २०२१ च्या पहिल्याच दिवशी या अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे बछडे मेलेले सापडले. वाघिणीने मारलेल्या गुरावर विष टाकलेलं होतं. गाय गेली, भरपाई कधी मिळेल माहीत नाही, आणि वाघीण उरलेलं खायला परत येणार हे प्रत्येक गुराख्याला ठाऊक असतं. विषाने फक्त वाघ मरत नाही. त्याच मड्यावर कोल्हा, रानडुक्कर, घार, कावळा येतात. त्यांचे मृतदेह शोधायला कुणी जात नाही.

शहर इथेही येतंच. ३१ डिसेंबर २०२४ रोजी गोठणगावच्या बाजूला एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांना पर्यटकांच्या जिप्सींनी दोन्हीकडून अडवलं. चित्रफीत पसरली, चालक-मार्गदर्शकांवर कारवाई झाली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. गाड्यांत बसलेल्यांपैकी अनेकांना या प्रकरणात आपली चूक काय, हे अजून समजलेलं नसेल. वाघ दाखवण्यासाठी पैसे भरले होते, वाघ दिसला.

आता उपायांचं. जलपर्णी काढण्याची यंत्रं येतात, निविदा निघतात, काठावर ढीग लागतात आणि पुढच्या हंगामात पाणी पुन्हा हिरवं होतं. तिला खाणारे भुंगेरे दक्षिण अमेरिकेतलेच. भारतात १९८०च्या दशकात ते आणले गेले, बंगळुरूच्या तळ्यांत आणि मणिपूरच्या लोकताक सरोवरात त्यांचा उपयोग झाला. भुंगेऱ्यांना काही वर्षं द्यावी लागतात, आणि आपल्याकडे निविदेला तेवढा धीर नसतो. तरी भुंगेरे काय किंवा यंत्र काय, खत येणं चालू असेल तर दोघेही हरतात.

पूर्व विदर्भात याहून शहाणा धडा आधीपासून आहे. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने बांधलेले हजारो तलाव इथे आहेत. १९५१ साली मालगुजारी गेल्यावर ते ‘माजी मालगुजारी’ म्हणून ‘मामा तलाव’ झाले. गोंदियाच्या अर्जुनी मोरगाव परिसरात मनीष राजनकर यांच्यासोबत ढिवरांनी अशा काही तलावांतून बेशरम नावाची वनस्पती उपटून काढली, देवधान आणि पाण्याखालच्या मूळच्या वनस्पती परत लावल्या, आणि स्थानिक मासे परत आले. त्यांनी मासे आणून सोडण्याआधी माशांचं घर लावलं. कोणती वनस्पती कोणत्या माशाला अंडी घालायला लागते, हे ढिवरांना ठाऊक होतं. हे ज्ञान कुहीच्या काठावरही असणार, फक्त गोसीखुर्दच्या नियोजनात ते विचारायला कुणी गेलं नाही. पण मामा तलावाच्या वर नागपूर नसतं, हा फरक लक्षात ठेवावा लागतो. गोसीखुर्दच्या वर ते आहे.

नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या जायका या संस्थेच्या कर्जातून १,९०० कोटी रुपयांहून मोठा प्रकल्प मंजूर झालेला आहे. नवी शुद्धीकरण केंद्रं आणि मलवाहिन्या त्यात आहेत. त्याच्या बातम्या नागपूरच्या आवृत्तीत छापून येतात आणि काठाच्या सुशोभीकरणाची चित्रं त्यांच्यासोबत येतात. माझी मागणी साधी आहे. या प्रकल्पाचं यश नागपुरातल्या पुलांवरून मोजू नये. महिन्यातून एकदा सावंगीच्या संगमाजवळ आणि अंभोऱ्याला पाण्यातला प्राणवायू, नत्र आणि स्फुरद मोजावं, आणि ते आकडे कुही पंचायत समितीच्या फलकावर मराठीत लावावेत. कंत्राटदाराचं शेवटचं देयक त्या फलकावरचे आकडे पाहून द्यावं.